वठलेली फांदी मे महिन्यापर्यंत राहू द्या

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पौष लागला की आमच्याकडे कवळतोड सुरू होते. ऐन-किंजळीच्या फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या आणि भाताच्या तरव्याची (रोपांची) जमीन भाजायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी स्वतः शेती करतो, तेव्हा ती मोडा असे मी सांगणार नाही. माझी विनंती फक्त झाडावरच्या वठलेल्या फांदीपुरती आहे.

गेल्या माघात आमच्या पाणंदीवरच्या किंजळीचे कवळ काढायचे होते. "ती वाळकी फांदीही घे, चुलीला होईल," असे मीच गड्याला सांगितले होते. तो वर चढला, कोयता उचलला आणि थांबला. "तात्या, हितं भोक हाय. आत कायतरी चिरकतंय," म्हणाला आणि मी काही बोलायच्या आधीच खाली उतरू लागला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

भोक फांदीच्या खालच्या अंगाला होते. दोन बोटे जेमतेम जातील एवढेच. मी समोरच्या बांधावर बसून राहिलो. अर्ध्या तासाने एक काळापांढरा पक्षी आला. चिमणीहून थोडासाच मोठा, पण डोके केवढे, त्यावर मागे निमुळता होत गेलेला काळा तुरा आणि शेपूट तर कुणी कापून टाकल्यासारखे आखूड! पंखांच्या पांढऱ्या भागावर काळे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका पत्त्यांतल्या बदामासारखा. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्याचे कपाळ पांढरे होते, ती मादी. इंग्रजीत या पक्ष्याचे नावच मुळी हृदयाकृती ठिपक्यांचा सुतारपक्षी असे आहे. शास्त्रीय नाव हेमिसर्कस कॅनेन्टे. रोमन पुराणात एका चेटकिणीने पिकस राजाला सुतारपक्षी करून टाकले. त्याच्यासाठी झुरून गेलेली राणी कॅनेन्स, तिच्यावरून हे नाव पडले.

पुढचे काही आठवडे मी रोज सकाळी बांधावर गेलो. मोठे सुतार खोडावर ठोकत वर चढतात. हा पक्षी मात्र शेंड्याकडच्या पेन्सिलीएवढ्या काटक्यांवर लोंबकळत मुंग्या, वाळवी, अळ्या वेचतो. पुष्कळदा कोतवाल, निखार, रामगंगा यांच्या मिश्र थव्याबरोबर हिंडतो. त्याच्या पाठीवरची काही पिसे राळेसारख्या सुगंधी, चिकट स्रावाने पिवळसर माखलेली असतात, तीही उन्हात नीट दिसली. हा पक्षी सह्याद्रीत आहे, मध्य आणि पूर्व भारतातल्या काही जंगलांत आहे आणि मग थेट ईशान्येकडून म्यानमार, थायलंड, व्हिएतनामपर्यंत. त्याचा सख्खा भाऊबंद म्हणावा असा पक्षी आपल्याकडे नाहीच, तो मलाया, सुमात्रा, बोर्निओकडे राहतो. एवढा वेगळा जीव आपल्या पाणंदीवर घर करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

"सुतार बसला की झाड मरते" असे गावात सर्रास म्हणतात. खरे तर उलट आहे. या पक्ष्याची चोच हिरव्या, घट्ट लाकडात घर कोरण्याजोगी नसते. फांदी आधी वठते, बुरशीने आतून मऊ पडते आणि मग हा ती कोरतो. मेलेल्या फांदीशिवाय त्याला घरच नाही. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे रामगंगा किंवा शिलींध्रीसारखे छोटे पक्षी राहू शकतात, कारण त्यांना स्वतःला घट्ट लाकूड कोरता येत नाही.

अडचण वेळेची आहे. सह्याद्रीत या सुताराची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि आपली कवळतोड, लाकूडतोड नेमकी तेव्हाच! आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक रान खासगी मालकीचे. ते ठेकेदाराला दिले की ओले-सुके काही शिल्लक राहत नाही. व्यवहार ठरवताना मालकाने "वठलेली चार झाडे उभी राहतील" एवढे एक वाक्य घातले तर त्याचे फारसे काही जात नाही. आणि घरच्या चुलीसाठी वाळकी फांदी हवीच असेल, तर पावसाळ्याच्या सरपणाची बेगमी आपण मे महिन्यात करतोच, तेव्हा ती उतरवावी. तोवर पिल्ले उडून गेलेली असतात.

आमची पिल्ले फाल्गुनाच्या अखेरीस उडाली. ती फांदी अजून तशीच आहे. यंदा कवळाला येणाऱ्या गड्यांना मी सांगून ठेवले आहे, चढण्याआधी झाडाखाली लाकडाचा ताजा भुसा पडला आहे का ते बघा, आणि दिसला तर ते झाड सोडून पुढच्याला हात घाला.

आपला,
एक शेतकरी वाचक,
देवरूख परिसर (जि. रत्नागिरी)