इसार देण्याआधी जागा पाहावी

ती. बाबा व ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

समृद्धी महामार्गालगतच्या ले-आउटमधील प्लॉटचा इसार लवकरच द्यायचा आहे, असे बाबांनी फोनवर सांगितले. तो देण्यापूर्वी माझे म्हणणे शांतपणे वाचावे, अशी विनंती आहे.

महामार्ग शेजारून जातो, म्हणून भाव वाढेल, असे दलाल सांगतो. ते खरेही ठरेल. पण वाढलेला भाव विकणाऱ्याच्या हाती पडतो आणि तुम्हाला तर तेथे राहायचे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झालेल्या या रस्त्यावर दुचाकी आणि ऑटोला परवानगी नाही, शिवाय ठरावीक इंटरचेंजखेरीज कोठूनही त्यावर चढता येत नाही. गाड्या कुंपणापलीकडून भरधाव जातील आणि आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला मात्र पांदण रस्त्यानेच, तोही चिखलातून, जावे लागेल.

मला अधिक काळजी जमिनीची वाटते. उन्हाळ्यात बाबांनी मला ती जागा दाखवली, तेव्हा तेथल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया मुरुमापर्यंत नेला नाही, तर भिंतींना तिरप्या चिरा पडतात. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालची चीर आई दरवर्षी बुजवते, तरी ती पुन्हा उघडतेच. पाया खोल नेता येईल, पण प्लॉटच्या पूर्वेचा नाला हलवता येणार नाही. त्याच्या काठच्या बाभळींना कमरेच्या उंचीवर पुरात वाहून आलेल्या पऱ्हाट्या अडकलेल्या मी पाहिल्या. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात मोवाड येथे २०० हून अधिक माणसे दगावली, हे बाबांना मी सांगायला नको.

तालुक्याच्या गावी बसस्थानकामागे जे दोन खोल्यांचे घर विकायला आहे, ते लहान आणि जुने आहे, तरी माझे मन त्याच्याकडेच ओढते. जमीन उंचावरची आणि मुरमाड आहे, नळ दारात आहे, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे जाणारी एसटी पायी गाठता येते. बाबांना पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे, आईला अर्धे तिकीट आहे. स्थानकच दूर असेल, तर या सवलतींचा उपयोग काय? गाय कोठे बांधायची, हा आईचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. वावरातल्या गोठ्यावर तिला ठेवता येईल का, हे बाबांनीच सांगावे.

दलालाकडून सातबारा आणि अकृषक परवानगीचा आदेश मात्र आजच मागून घ्यावा. पोळ्याला मी येतेच आहे, तोवर इसार देऊ नये. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघे दोन्ही जागा पाहून येऊ.

तुमची लेक