सोनोग्राफी यंत्रे तपासणारे फँटम गोव्यातच घडवावेत: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

महोदय,
सविनय नमस्कार.

रुग्णाच्या शरीराची प्रतिमा घेणारे यंत्र दाखवते ते खरे आहे का, हे पडताळण्यासाठी ऊतींसारखे वागणारे कृत्रिम नमुने लागतात. त्यांना आमच्या क्षेत्रात फँटम म्हणतात. ते राज्यातच घडवण्याची सोय आपण करावी, ही माझी विनंती आहे.

एक्स-रे आणि सीटी यंत्रांची ठरावीक काळाने गुणवत्ता चाचणी करणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. सोनोग्राफीत तसे किरण नसल्यामुळे ती या कक्षेबाहेर राहते, आणि १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली तिची नोंदणी होत असली, तरी त्या कायद्याचा रोख यंत्राच्या वापरावर आहे, मापनाच्या अचूकतेवर नव्हे. मला सर्वाधिक काळजी वाटते ती इथेच, कारण गर्भाची वाढ नीट होते आहे की नाही, हे मिलिमीटरच्या मापांवर ठरते.

ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो, असे हे यंत्र गृहीत धरते. साध्या पाण्यात तो वेग सुमारे १५०० मीटर असतो, म्हणून पाण्यात १०० मिलिमीटर खोल ठेवलेली तार पडद्यावर १०३ च्या आसपास दिसते. चायना ग्रास म्हणून आपल्या स्वयंपाकघरात येणाऱ्या अगारच्या जेलमध्ये योग्य प्रमाणात ग्लिसरीन मिसळले की वेग जुळतो, आणि ग्रॅफाइटची बारीक पूड घातली की यकृतासारखी दाणेदार करडी प्रतिमा उमटते. जेल निवताना बुडबुडा अडकला, तर नसलेली गाठ दिसल्यासारखे होते. परिरक्षक घातले नाही, तर आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. हे काम हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही, म्हणूनच त्यासाठी कायमची जागा आणि कायमची माणसे हवीत.

सीटीसाठी सामग्री वेगळी लागते. पदार्थ क्ष-किरण किती अडवतो, हे सीटी यंत्र अंकाने दाखवते: पाण्याचा अंक ०, चरबीचा उणे १०० च्या आसपास, तर अ‍ॅक्रिलिकचा १२० च्या जवळ येतो. शिवाय क्ष-किरण नळीच्या एका व्होल्टेजला ऊतीशी जुळणारे प्लास्टिक दुसऱ्या व्होल्टेजला जुळेलच असे नाही. आकाराचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या २००२ च्या अहवालातील संदर्भ-स्त्री, म्हणजे प्रमाण मानलेली स्त्री, १६३ सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाची आहे, आणि ती मापे मुख्यतः पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेतील लोकांवरून घेतलेली आहेत. काणकोण किंवा सत्तरीतील बारीक चणीच्या बाईसाठी यंत्राची मांडणी त्या मापावरून तपासणे मला पटत नाही.

बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय यांची संयुक्त फँटम प्रयोगशाळा आपण मंजूर करावी. बांबोळीच्या क्ष-किरण विभागाने गरज सांगावी, फर्मागुढीने साचे आणि जेल तयार करावे. सुरुवात सोनोग्राफीपासून व्हावी, कारण तिचे साहित्य स्वस्त आहे. तसेच यंत्रखरेदीच्या निविदेत, फँटमवरील चाचणीत यंत्र उतरल्याखेरीज अखेरचा हप्ता देऊ नये आणि तीच चाचणी दरवर्षी रुग्णालयात व्हावी, अशी अट घालावी. या दोन्ही बाबींवर खात्याची भूमिका आपण लेखी जाहीर करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त बायोमेडिकल अभियंता, फोंडा