केंद्रकीला भिंत नाही, मग ती विरघळत का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या पानावर पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या भागांचा, तक्ता आला होता. तंतुकणिका, गॉल्गी सगळं नीट दिलंय पण अगदी खाली एका ओळीत "पटल नसलेली अंगके: रायबोसोम, सेंट्रिओल, केंद्रकी, रचना साधी" एवढंच लिहून संपवलंय, आणि हे "साधी" वाचून राहवलं नाही म्हणून पत्र लिहितेय.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. यंदा प्रॅक्टिकलला कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड बघताना एका मुलीला केंद्रकाच्या आत दोन बारीक ठिपके दिसले. मी म्हटलं ही केंद्रकी, केंद्रकाच्या आतला दाट भाग, हिला पटल म्हणजे भोवतीचं पातळ आवरण नसतं. तर ती म्हणाली, "मॅडम, कव्हरच नाही तर ती विरघळून का जात नाही?" इतकी वर्षं शिकवतेय पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही कधी पडला नव्हता. घरी येऊन वाचत बसले.

उत्तर फार जुनं नाहीये. 2009 साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी एका बारक्या कृमीच्या भ्रूणात पी ग्रॅन्यूल नावाचे कण बघितले. ते घट्ट गोळे नव्हतेच, ते थेंबासारखे वागत होते, एकमेकांना चिकटले की एक व्हायचे, केंद्रकावरून ओघळायचे. आमटीवर तेलाचे दोन थेंब जवळ आले की कसे पटकन एक होतात, तसंच. 2011 मध्ये बेडकाच्या अंड्यातल्या केंद्रकीचंही तेच दिसलं. म्हणजे काही प्रथिनं आणि आरएनए (डीएनएसारखाच साखळीचा रेणू) एकमेकांना हलकेच धरून ठेवतात आणि आजूबाजूच्या द्रवातून वेगळे होऊन थेंब बनवतात, भिंत लागतच नाही.

आणि भिंत नसणं ही उणीव नाही, त्याचा उपयोग आहे. पेशी विभाजनाला लागली की केंद्रकी नाहीशी होते, विभाजन झालं की परत तयार होते. पेशीला उष्णतेचा ताण आला की स्ट्रेस ग्रॅन्यूल नावाचे असेच थेंब तयार होतात, आरएनए धरून ठेवतात, ताण गेला की विरघळतात. भिंत बांधून आणि पाडून एवढ्या झटपट हे जमलं असतं का? उलट हे थेंब घट्ट व्हायला लागले की पंचाईत. एएलएस या चेतापेशींच्या आजाराशी जोडलेलं एफयूएस प्रथिन, त्याचे थेंब हळूहळू घट्ट होऊन तंतू बनताना प्रयोगशाळेत दिसलेत.

आता रायबोसोम, तो मात्र थेंब नाही. ते प्रथिनं बनवणारं, ठरावीक घडणीचं यंत्र आहे, आपल्या पेशीत 4 आरएनए आणि सुमारे 80 प्रथिनं मिळून बनलेलं, आणि त्याचे दोन्ही भाग जुळवायला सुरुवात होते ती केंद्रकीतच. जीवाणूंचा रायबोसोम 70एस आणि आपला 80एस (एस हे आकाराशी निगडित माप), या फरकावरच तर अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं चालतात. रायबोसोमची रचना उलगडली म्हणून 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना मिळालं. त्याला साधी रचना कसं म्हणायचं?

माझी विनंती एवढीच की याच पानावर या अंगकांना एक पूर्ण लेख द्या, थेंब वेगळे आणि यंत्रं वेगळी असं सांगून. परीक्षेला येत नाही म्हणून गाळू नका, मुलं हेच विचारतात. सोबत कांद्याच्या पेशीचा एक मोठा, स्वच्छ फोटो छापा, 400 पट मोठा केलेला, म्हणजे ज्यांच्या शाळेत मायक्रोस्कोप नाही त्यांनाही ते दोन ठिपके दिसतील.

आपली नम्र,
एक जीवशास्त्र शिक्षिका, सातारा