गॅरेजच्या भिंतीवरील फळ्यांविषयी मित्रास पत्र

चिपळूण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गुहागरच्या घराचे गॅरेज पुरे झाले आणि बागेचे सगळे सामान भिंतीवर चढवायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरे वाटले. ब्रॅकेटवर फळ्या माराव्यात की रॅक उभे करावेत, असे तू विचारतोस. पण फळीआधी भिंतीचा विचार करायला हवा, कारण तुझी भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे आणि दुकानदार बहुधा वीट किंवा काँक्रीट गृहीत धरून सल्ला देतात.

जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. तरी त्याच्या पोटातल्या पोकळ्या तशाच राहतात. ड्रिल लावलेस की आधी गिलाव्याची राखाडी भुकटी पडेल, मग तांबडी येईल, आणि एखाद्या जागी बिट अचानक भसकन आत जाईल. त्या जागी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी भोकातली खुंटी, ठोकूच नये. थोडे बाजूला, चिऱ्याच्या मध्याकडे नवे भोक पाडावे. सांध्यात तर मुळीच नको. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडायला सांग, म्हणजे कडा ढासळून ते सैल होणार नाही. गिट्टी गिलाव्यात न राहता पूर्णपणे दगडात जायला हवी, म्हणून स्क्रू लांब घ्यावा लागतो.

आता वजनाचे पाहू. ब्रॅकेटवरची फळी नुसती खाली दाबत नाही, तर वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढते. ब्रॅकेटची उभी बाजू २० सेंमी धर. फळी ३० सेंमी रुंद असून तिच्यावर ४० किलो सामान सारखे पसरलेले असेल, तर वरच्या स्क्रूंवर सगळी मिळून सुमारे ३० किलोची ओढ येते; तीच फळी ४५ सेंमी रुंद केलीस, तर ओढ ४५ किलोवर जाते. सामान तेवढेच, पण भिंतीला त्रास दीडपट. म्हणून जास्त सामान मावावे या हौसेपायी रुंद फळ्या चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या मते समोरच्या भिंतीला, म्हणजे गाडीच्या बॉनेटपुढे, स्लॉटेड अँगलचे, म्हणजे ओळीने भोके असलेल्या लोखंडी अँगलचे, रॅक जमिनीवर उभे करावेत आणि ते पुढे झुकू नयेत एवढ्यापुरतेच वरून भिंतीला बांधावेत, म्हणजे सगळे वजन कोब्यावर उतरते. रंगाचे वीस लिटरचे डबे, पंपाची मोटर, ग्रास कटर हे सगळे तिथे खालच्या खणांत जाऊ दे. रॅकची खोली दीड फूट पुरे, कारण आंब्याचे प्लॅस्टिक क्रेट तेवढ्यात आडवे बसतात. हे क्रेट हंगाम सोडला तर वर्षभर रिकामेच असतात, तेव्हा त्यांना सर्वांत वरचा खण द्यावा. बाजूच्या भिंतींवर मात्र गाडीचे दार उघडायला जागा लागते. तिथे फूटभर रुंदीच्या फळ्या डोक्याच्या वर माराव्यात आणि त्यांवर दोऱ्या, पाइप, रिकामी पोती असे हलकेच सामान ठेवावे.

समुद्र तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर. अशा हवेत पार्टिकल बोर्ड फुगतो. नुसत्या रंगवलेल्या अँगलला कापलेल्या कडेपासून गंज धरतो, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला घे आणि जिथे कापशील तिथे झिंकचा प्रायमर लाव. फळीसाठी १८ मिमीचा मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, कडा रंगाने बंद करून. दोन आधारांमध्ये अडीच फुटांहून जास्त अंतर ठेवू नकोस. दर फुटाला तेवढेच सामान ठेवून ते अंतर दुप्पट केले, तर फळी दुप्पट नव्हे, सोळापट वाकते.

कडप्पाही मला मनापासून आवडतो, कारण त्याला ना वाळवी लागते ना गंज. पण दीड फूट रुंद, एक मीटर लांब आणि २५ मिमी जाड तुकडाच तीस किलोंच्या घरात जातो. तो घ्यायचा असेल तर गवंड्याकडून जमिनीपासून उभे आधार करून घे. ब्रॅकेटवर कधीही ठेवू नकोस.

वाळवीसाठी एक गोष्ट आवर्जून कर. रॅक आणि भिंत यांच्यात दोन बोटे फट सोड आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच ठेव. वाळवी भिंतीवरून मातीची बारीक नळी करत वर चढते; फट असली की ती नळी बॅटरीच्या उजेडात वेळीच दिसते. फळी भिंतीला चिकटलेली असेल, तर ती आतून पोखरली जाईपर्यंत पत्ताच लागत नाही.

खताची पोती आणि फवारणीची औषधे या रॅकवर ठेवू नयेत. युरिया हवेतले पाणी ओढून घेतो आणि जवळचे लोखंड खराब करतो. औषधांना कुलपाचे वेगळे कपाट हवे, कारण नातवंडे सुट्टीत येणारच. इन्व्हर्टरची बॅटरी गॅरेजमध्ये असेल, तर ग्रास कटरच्या पेट्रोलचा कॅन तिच्या आसपासही नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

सुताराला बोलावण्यापूर्वी गाडी आत उभी करून चारही दारे उघड, जमिनीवर खडूने खुणा कर आणि ती मापे मला कळव. रॅकचे अँगल किती लागतील याचा हिशेब मी करून पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश