नवीन जॉगर्ससाठी: सोमवारपासून तळजाई

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून नवशिक्यांची बॅच सुरू होतेय. सकाळी सव्वासहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या वाहनतळाजवळ जमायचं. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. मधल्या दिवशी आराम, आणि तो खरंच घ्या. पोटऱ्या आणि गुडघे त्याच दिवशी सावरतात.

ज्यांना जिना चढतानाही धाप लागते, त्यांच्यासाठीच ही बॅच आहे, त्यामुळे संकोच नको. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग एक मिनिट हळू पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं. हे पळणं-चालणं सात-आठ वेळा. पळताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "अहो, जरा थांबा" एवढंही एका दमात निघत नसेल, तर वेग जास्त झालाय. छातीचा दम लवकर सुधारतो, पण नडगीची हाडं आणि स्नायुबंध (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) तयार व्हायला कितीतरी जास्त वेळ घेतात. म्हणून "आज बरं वाटतंय" म्हणून अंतर वाढवू नका, ही कळकळीची विनंती.

टेकडीची चढण पहिला महिना चालतच चढायची. बूट पळण्याचेच हवेत, चपला-सँडल नकोत. निघण्याआधी अर्धं केळं पुरे. पोहे-चहा परत आल्यावर.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच पळणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारून या. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि सोबतच्यांना सांगा.

नावं रविवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवावीत.