चरईतल्या घराविषयी

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र परवा पोचले. काकू आता कायमच्या तुझ्याकडे नाशिकला राहणार, त्यामुळे चरईतले घर बंद ठेवण्यापेक्षा सामानासह थोड्या थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यावे, असा तुझा विचार आहे. तो मला पटतो. मात्र ते एका-दोन रात्रींसाठी पाहुण्यांना देऊ नकोस. निदान महिनाभर राहणाऱ्या कुटुंबालाच दे. असे मी का म्हणतो, ते सविस्तर लिहितो, कारण तलावपाळीजवळच्या आत्याच्या घरात मी दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत.

पहिले पाच महिने मी ते घर दिवसाच्या भाड्याने दिले. पैसे चांगले मिळाले, विशेषतः नवरात्रात टेंभी नाक्याला दर्शनाची गर्दी असते तेव्हा आणि गुढीपाडव्याला, बाहेरगावी गेलेले ठाणेकर कोपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेसाठी परत येतात तेव्हा. पण आत्याची इमारत तुमच्यासारखीच जुनी, लाकडी जिन्याची आहे. रात्री दीड वाजता चाकांच्या बॅगा पायरीपायरीवर आपटत वर जात, तेव्हा तो आवाज चारही बिऱ्हाडांच्या उशाशी होत असे. तळमजल्यावरचे आजोबा पहाटे पाचला पाणी भरायला उठतात. त्यांचीच बेल चुकून तीनदा वाजली. एकदा पाहुणे नळ उघडा ठेवून फिरायला गेले आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली. त्या सकाळी शाळेला निघालेल्या मुलांच्या आंघोळीसाठी शेजारच्या इमारतीतून बादल्या आणाव्या लागल्या. मला कोणी एक शब्द बोलले नाही आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. ज्या माणसांनी आत्याच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागवल्या, त्यांच्या दारात मी रोज नवी अनोळखी माणसे आणून उभी करीत होतो.

त्यानंतर चिपळूणचे एक कुटुंब चाळीस दिवसांसाठी आले. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाच्या पायाची शस्त्रक्रिया होती. लॉजवर गॅस मिळत नाही आणि मुलाला मऊ भात-ताकाशिवाय काही चालत नव्हते, म्हणून त्यांना स्वयंपाकघर हवे होते. दुसऱ्याच दिवशी त्या आई विरजणासाठी शेजारच्या वहिनींकडे गेल्या आणि परत आल्या त्या विरजणाबरोबर लिंबाचे लोणचेही घेऊन. आठवड्याभरात तळमजल्यावरचे आजोबा त्या मुलाला गॅलरीत बुद्धिबळ शिकवू लागले. घर भाड्याने दिले असूनही इमारत पूर्वीसारखी वाटली, ती तेव्हा. तेव्हापासून मी दिवसाचे भाडे बंद केले.

उपचारांसाठी येणारी कुटुंबे, नव्या नोकरीवर रुजू होऊन घर शोधणारी माणसे, स्वतःचे घर पुनर्विकासाला गेलेली मंडळी: अशांना आपला हा भाग फार सोयीचा पडतो. स्टेशन, मंडई, रुग्णालये सगळे चालत जाण्याइतके जवळ. शिवाय या परिसराला स्वतःचे असे काही आहे. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी इथे आली. 1879 चे सिनेगॉग टेंभी नाक्याजवळ आजही उभे आहे. 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आणि गडकरी रंगायतनचा प्रयोग संपल्यावर तलावाकाठाने घरी चालत येण्याचे सुख तर तुला मी सांगायला नको. महिनाभर राहणारा माणूस हे सारे हळूहळू आपलेसे करतो.

कागदपत्रांत मात्र हयगय करू नकोस. मुदत एका महिन्याची असली तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी कर आणि नोंदणी करून घे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदवलेला लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, म्हणजे फार खर्च नाही. आधार आणि बोटांचा ठसा देऊन हे काम घरबसल्या होते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दे. सोसायटीला आधी पत्र देऊन सचिवांशी प्रत्यक्ष बोल. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे लक्षात असू दे, पण त्यावरून पहिल्याच भेटीत वाद घालू नकोस.

सामानाचे म्हणशील तर भारी सोफा घेऊ नकोस. दोन चांगल्या गाद्या, पाच लिटरचा कुकर, मिक्सर, कमोड आणि न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा एवढे पुष्कळ झाले. दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे फोनवरच स्पष्ट सांगत जा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिन्याखाली आणून मग सांगणे बरे नव्हे. काकूंचा झोपाळा काढू नकोस. मी काल किल्ली घेऊन जाऊन पाहिले: आढ्याचे हूक भक्कम आहेत, फक्त कड्या करकरतात, त्यांना तेल घातले आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची फळी मात्र पावसाने फुगली आहे, त्यासाठी येत्या रविवारी सुतार बोलावला आहे.

देव्हारा नाशिकला न्यायचा की माझ्याकडे ठेवायचा, हे तू ठरवू नकोस, काकूंना विचार आणि शनिवारच्या आत कळव, म्हणजे सुतार यायच्या आधी मी तो स्वतःच्या हाताने उतरवून घेईन. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
नौपाड्याचा मित्र