सप्ताहाआधीची बैठक

अमळनेर,
माघ शुद्ध पंचमी

प्रिय भाऊ,

तुझं पत्र मिळालं. चैत्रातल्या सप्ताहाआधी भजनी मंडळात जातीविषयी मोकळं बोलायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. फक्त "आपल्यात भेदभाव आहे का?" असं विचारून सुरुवात करू नको. "आपला गावमा असं काही नही," एवढं उत्तर येईल आणि विषय तिथंच मिटेल.

आधी जुन्या वह्या काढ. वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. तीन-तीन तासांचे पहारे धरले तर दिवसाला ८, एकूण ५६. प्रत्येक पहाऱ्याला वीणा कोणाच्या गळ्यात होती ते लिही आणि वेळही लिही. रात्री बारा ते तीनचा पहारा नेहमी भिलाटीतल्या (भिल्ल वस्तीतल्या) पोराला आणि कीर्तनाच्या वेळचा ठरलेल्या चार घरांना, हे नुसत्या नावांवरून दिसत नाही. पंगतीचंही तसंच लिही: बट्ट्या कोण वळतं, वरण कोण वाढतं, पत्रावळी कोण उचलतं. एवढं समोर असलं की वाद माणसावर न जाता कागदावर राहतो.

बैठक पाटलांच्या ओट्यावर नको, शाळेच्या व्हरांड्यात घे. दहा-बारा जण, एकच सतरंजी, खुर्ची कोणालाच नाही. चहा कागदी कपात देऊ नको, मंडळाच्या स्टीलच्या ग्लासात दे आणि ग्लास सगळ्यांनी मिळून विसळा. कागदी कपाने कितीतरी गावांत वेगळ्या कपाचा प्रश्न नुसता झाकला, सोडवला नाही.

पहिलं बोलणं मंडळातल्या जुन्या वजनदार माणसाचं हवं, आणि तेही त्याने स्वतः काय पाहिलं, काय केलं याचं. इथंच बहुतेक जण चुकतात. दलित किंवा आदिवासी भावालाच आधी "तू सांग, तुला काय त्रास झाला" म्हणतात. भरल्या बैठकीत तो "काही नाही" म्हणतो, कारण उद्या त्याला त्याच शेतात मजुरीला जायचं असतं. त्याला बोलायचं नसेल तर गप्प बसू दे. प्रत्येकाला तीन मिनिटं. चिपळ्या ज्याच्या हातात, तोच बोलेल. पहिल्या फेरीत उलट उत्तर कोणी द्यायचं नाही.

कोणीतरी चोखोबांचं नाव घेऊन म्हणेलच, वारकऱ्यांत जात कुठली? तेव्हा शांतपणे सांग: चोखोबा चौदाव्या शतकातले, त्यांची समाधी मंदिराबाहेर, नामदेव पायरीजवळ. आणि विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं. गुरुजी आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे हे कोणाला परकं वाटणार नाही.

गावातल्या बौद्ध मंडळींना "तुम्ही सप्ताहात का येत नाही?" असं विचारू नको. त्यांनी वाट निवडली आहे, तिचा जाब मागायचा नसतो.

दीड तासात उठा. ठराव एकच करा, पण वहीत लिहा: यंदा पहाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, किंवा वाढपी सगळ्या आळ्यांतून घ्यायचे. कोणी रागावून उठून गेलं तर मागून हाक मारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी दोघांनी जा. पुढची बैठक पंधरा दिवसांनी, तीच सतरंजी.

५६ पहाऱ्यांची यादी झाली की झेरॉक्स पाठव.

तुझाच,
भाऊ